बिनसहीचं पान

सोमवार, ४ मार्च

झाली फजिती! विमान जागेवर आणलं, इंजिन बंद केलं आणि हात आपोआप मांडीखाली गेला — सीटची पिन शोधायला. इजेक्शन सीटवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला उतरण्याआधी ती पिन लावल्याशिवाय चैन पडत नाही. राहिली तर सीट माणसासकट आभाळात! इथे हाताला काय लागलं, तर कुणीतरी खाल्लेल्या बिस्किटांचा कागद. वर मी शेजारी विचारलंही, "तुमची पिन लावली?"

शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सर, ही सीट फक्त पुढे-मागे सरकते. तीही मनात आलं तर."

ही आमची मास्तरीणबाई. वय वर्षं सत्तावीस. मला शिकवायला शिकवणार! हवाई दलात वीस वर्षं मी पोरांना उडायला शिकवलं, पण नागरी खात्याच्या लेखी मी अजून कुणाला काही शिकवू शकत नाही. तिकडचं इन्स्ट्रक्टरपण इकडे तसंच्या तसं चालत नाही. लेखी परीक्षा झाली आहे. आता या फ्लाइंग क्लबात पंधरा तास उडायचं, मग थोरल्यांसमोर प्रत्यक्ष परीक्षा, आणि लायसन्स ऑफिसात जुनं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, मंजूर करून घ्यायचं. थोरले म्हणजे क्लबचे मुख्य इन्स्ट्रक्टर. सत्तरीचे, माणसाशी बोलताना फळ्याकडे बघतात. त्यांनी शब्द दिला आहे — लायसन्स आलं की दुसऱ्या दिवशी कामावर या.

निवृत्तीनंतरच्या आठ महिन्यांत मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली, मग ती बदलून मोठ्या अक्षरात लावली. शेवटी हिने हात जोडले. "अहो, कुठेही जा, पण उडा एकदाचे!" तेव्हा आज जो मी पुन्हा आभाळात गेलो त्याबद्दल आधी थोरल्यांचे आभार, आणि मग मिठाच्या डब्याचे.

गुरुवार, ७ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. दलातल्या विमानांत शिष्य पुढे आणि मी मागे. वीस वर्षं मी हेल्मेटं पाहिली. मान ताठ झाली की पोरगं घाबरलं, एका बाजूला कलली की चुकलं. एवढ्यावर धंदा चालवला. चेहरा नावाची गोष्ट जमिनीवर उतरल्यावर!

इथे शेजारी-शेजारी बसायचं. शिष्य डावीकडे, मी उजवीकडे. आज मास्तरीणबाईने शिष्याचं सोंग घेतलं होतं. वळताना तिने मुद्दाम चूक केली, पण त्याआधी क्षणभर ओठ आवळले. विमानाच्या आधी चेहऱ्यावर दिसतं! वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला हा शोध लागला.

घरी येऊन हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ही पहिलीचा वर्ग शिकवते, गेली तेवीस वर्षं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पाठीला शिकवत होतात?"

सोमवार, ११ मार्च

लायसन्स ऑफिस. तिसरा मजला, खिडकी क्रमांक चार. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. कागदांच्या तीन-तीन प्रती, चेहरा कडक. भांडायची वेळच आली नाही! खिडकीतल्या बाईंनी लॉगबुक दोन्ही हातांनी घेतलं, आधी टेबल पुसलं आणि मग ते उघडलं. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. आम्ही वेळ मोजायचो चाकं जमीन सोडल्यापासून, नागरी खातं मोजतं विमान जागचं हलल्यापासून. त्याचा हिशोब कसा बसवायचा यावर मी दोन रात्री डोकं खाजवलं होतं. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर कोष्टक मांडून दिलं. "असं भरा. हे चालतं." अशा माणसांच्या जिवावर ऑफिसं चालतात, आणि आपण बाहेर पाटीला शिव्या घालतो.

मग पान एकसष्ट आलं.

"इथे सही नाही हो."

मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक आहे. महिन्याच्या शेवटी आमच्या प्रमुखांनी सही करून पान बंद करायचं असतं. हे पान महिना संपायच्या आतच चौकशीसाठी गेलं आणि तसंच परत आलं. प्रमुखांना जाऊनही आता सहा वर्षं झाली.

"एक पान अपुरं म्हणजे वही अपुरी," बाई म्हणाल्या. पण वाट दाखवल्याशिवाय सोडलं नाही. एक वाट अशी — त्या पानावरच्या उड्डाणांत जो माझ्याबरोबर होता त्याने लिहून द्यायचं, की हो, यांनी मला शिकवलं. दुसरी — मीच लिहून द्यायचं, की त्या महिन्यात मी शिकवलं नाही. मग ते पान बाद आणि बाकीची वही मंजूर. माझ्याकडे तास भरपूर आहेत, त्या पानावाचून काही अडत नाही.

"दुसरं सोपं आहे. दोन ओळी लिहायच्या, इथेच लिहा." पेनही पुढे केलं.

पेन घेतलं. टोपण काढलं. पुन्हा लावलं. "बाई, मी येतो परत," म्हटलं. त्यांनी फाईल बंद न करता वेगळी ठेवली.

त्या पानावर बावीस उड्डाणं आहेत. बावीसच्या बावीस ओळींत शिष्याचं नाव एकच. मौनीचं.

मंगळवार, १२ मार्च

लिहूनच टाकतो. वहीपासून काय लपवायचं?

आम्ही पोरांना टोपणनावं ठेवायचो. हा बोलायचाच नाही, म्हणून मौनी. "समजलं?" विचारलं की अंगठा वर. "खरंच समजलं का?" तरी अंगठाच. पण हात काय होता पोराचा! स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, दोन बोटांत धरायचा. माझं इन्स्ट्रक्टर म्हणून पहिलंच वर्ष, आणि हा आपल्याहून चांगला होणार हे मला दहाव्या उड्डाणातच कळलं होतं. असूया वाटली नाही. उलट घरी येऊन हिला पेढे मिळाल्यासारखं सांगितलं होतं.

बाविसावं उड्डाण. रनवे समोर, उतरायची वेळ. वेग कमी झाला आणि विमान उंचावरूनच बसायला लागलं. मला दिसलं. वाटलं, सुधारेल, याला जमतं. थांबलो. मग "माझ्याकडे!" म्हणून ओरडलो, स्टिक घेतली — तोवर आपटलं, उसळलं आणि पंखावर आडवं झालं. मला कोपराला खरचटलं. त्याचा उजवा हात चिरडला. वय तेवीस. त्याचं उडणं तिथे संपलं.

चौकशीच्या अहवालात एक वाक्य होतं: ताबा घेण्यास इन्स्ट्रक्टरकडून दीड सेकंद उशीर. बरोबरच होतं. शिक्षा काही झाली नाही, तेच जड गेलं.

इस्पितळात एकदाच गेलो. "लवकर बरा हो," म्हटलं. त्याने डाव्या हाताचा अंगठा वर केला. मी तिथून जो पळालो तो आजतागायत त्याच्यासमोर उभा राहिलो नाही.

त्यानंतर मी कधी थांबलो नाही. पोरगं चुकायच्या आधीच स्टिक माझ्या हातात. पोरांनी माझं नाव ठेवलं घार. वर घिरट्या घालते आणि झडप मारते. मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

शनिवार, १६ मार्च

मास्तरीणबाईने आज तीन वेळा स्टिक परत मागितली. ती मी घेतली होती हे मला तिन्ही वेळा माहीत नव्हतं.

गुरुवार, २१ मार्च

नापास!

थोरले स्वतः शिष्य बनून डावीकडे बसले होते. मी जमिनीवरचा धडा फळ्यावर छान दिला. हवेतही सगळं सुरळीत. शेवटी उतरताना त्यांनी विमानाचं नाक जरा जास्त उचललं. जरासंच! माझा हात कधी गेला ते मला कळलं नाही. विमान मी असं टेकवलं की चाकांनाही पत्ता लागला नसेल.

ते पट्टा सोडत म्हणाले, "उतरवलंत सुंदर."

मी फुगलो.

"पण उतरवायला मला शिकायचं होतं."

महिन्याभरानं परत या म्हणाले, आणि फळ्याकडे बघत निघून गेले. मी हँगरमागे जाऊन एका रिकाम्या पिंपाला लाथ घातली. पिंप रिकामं नव्हतं. अंगठा सुजला आहे.

मास्तरीणबाईला कुणी सांगितलं कोण जाणे, बर्फाची पिशवी घेऊन आली. शेजारी बसली. "सर, मी दोनदा नापास झाले होते. दुसऱ्यांदा झाले तेव्हा थोरल्यांनी मला घरी सोडलं, आणि गाडीत एक शब्द बोलले नाहीत. तेच फार बरं वाटलं." मग तीही बोलली नाही. दहा मिनिटं बसलो असू. मला मुलीसारखी पोर, पण कधी गप्प बसायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे ऋण आहे.

रविवार, २४ मार्च

ही वह्या तपासत बसली होती. रेघांवर गिरवलेली अक्षरं, काही ओळी सोडून पळालेली. मी सहज विचारलं, "तुम्ही मुलांचा हात धरून गिरवून घेता ना?"

"पहिला आठवडा."

"मग?"

"मग सोडायचा."

"आणि वाकडं आलं तर?"

"येतंच! त्याला आपलं वाकडं दिसायला नको? हात धरूनच ठेवला तर ते वर्षभर माझंच अक्षर काढेल." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पेन्सिल डोळ्यात जाणार असेल तर धरते मी हात. अक्षर वाकडं येतंय म्हणून नाही."

दलात सहा महिने इन्स्ट्रक्टरचं शिक्षण घेतलं, जाडजूड पुस्तकं पाठ केली. आणि हे घरातच होतं, वीस वर्षं, पोळ्या लाटत.

मग हिने दुसरी वही उघडली आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "मौनीला लिहिलंत का?"

"कुठल्या तोंडानं लिहू?"

"त्याचा हात गेला. आता त्याचा तो महिनाही पुसून टाकणार आहात का?"

मी उठून उगीचच डब्यांची लेबलं बघून आलो.

मंगळवार, २ एप्रिल

पत्ता मिळाला. जुना सोबती आहे एक, त्याला आम्ही भोपळा म्हणायचो. जगातल्या सगळ्यांचा ठावठिकाणा त्याच्याकडे असतो. फोनवर म्हणाला, "मौनी? अरे, मजेत आहे! नकाशे काढतो. डाव्या हातानं. असे काढतो की बघत राहावं. बायको-मुलं, सगळं आहे. तूच कुठे मेला होतास इतकी वर्षं?"

पत्राचे अकरा खर्डे झाले. पहिल्यात चार पानं माफी होती. अकराव्यात चार ओळी आहेत. काय हवंय ते, का हवंय ते, आणि 'नाही म्हटलंस तरी तुझं बरोबर असेल' असं. सोबत ऑफिसचा छापील फॉर्म. त्यात 'उड्डाणांची संख्या' असा रकाना आहे. मी एकवीस लिहिलं. बाविसावं त्याच्यापुढे ठेवायचा धीर झाला नाही. ज्या उड्डाणात त्याचा हात गेला, त्याला शिकवणं कसं म्हणायचं?

टाकलं पेटीत. पत्र आत पडल्याचा आवाज आला, तेव्हा परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

सोमवार, ८ एप्रिल

टपाल नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

टपाल नाही. पण आज एक झालं.

मास्तरीणबाईला हिचं पेन्सिलीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग सर, पेन्सिल डोळ्यात कधी जाते ते वर जायच्या आधी ठरवू." आम्ही फळ्यावर रेघ मारली. या उंचीपर्यंत चूक शिष्याची, त्यानेच निस्तरायची. या उंचीच्या खाली माझी. इतकं साधं! मी वीस वर्षं ती रेघ मारलीच नाही, सगळं आभाळ माझंच धरून बसलो.

डावा हात मांडीखाली दाबून बसलो. जिथे पिन शोधत होतो तिथेच! ती वेग घालवत होती, विमान बसत होतं, आणि मला घाम फुटला होता. तोंडात मौनीच्या नावाचं पहिलं अक्षर आलं, ते गिळलं. रेघ अजून खाली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवई उचलली गेली, तिला कळलं होतं. मी फक्त म्हणालो, "वेग." तिने सुधारलं. दण्णकन टेकलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कुरूप लँडिंग, आणि मी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या!

"हात मोकळे दिसले तुमचे पहिल्यांदाच," ती म्हणाली.

गुरुवार, १८ एप्रिल

पास. थोरल्यांनी पुन्हा तीच चूक केली, तशीच, तितकीच. मी थांबलो. रेघेच्या वर होतो तोवर फक्त बोललो. त्यांनी आपटलं ते त्यांचं त्यांनी आपटलं. उतरून फळ्याकडे न बघता चक्क माझ्याकडे बघत म्हणाले, "आता पोरं तुमच्या हाती द्यायला हरकत नाही." पुढचं वाक्य: "वही मंजूर झाली की."

वही!

मंगळवार, २३ एप्रिल

पाकीट आलं. उघडायला हिलाच दिलं.

आत फक्त फॉर्म. पत्र नाही, चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरून बघितलं. काही नाही. 'वरील उड्डाणांत यांनी मला शिकवले' या ओळीखाली सही. डाव्या हाताची, सगळी अक्षरं मागे रेललेली, शेवटची रेघ वर उडालेली.

हिनेच दाखवलं. "अहो, इकडे बघा." उड्डाणांची संख्या. माझं एकवीस एका सरळ रेघेनं खोडलं होतं. नकाशावाल्याची रेघ, पट्टीशिवाय मारलेली आणि तरी सरळ. शेजारी त्याने लिहिलं होतं: बावीस. बाजूला पुन्हा छोटी सही.

मी खुर्चीत बसलो. काय म्हणायचंय त्याला? 'तेही शिकवणंच होतं' असं? की 'ते लपवू नका' असं? दोन्ही असू शकतं. मौनीला काही विचारायची सोय तेव्हाही नव्हती.

तरी रडू आलं ते बरं वाटूनच आलं. हिने पाणी आणून दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वह्या तपासायला बसली.

गुरुवार, २ मे

खिडकी क्रमांक चार. फाईल अजून तशीच वेगळी ठेवलेली होती, सात आठवडे! बाईंनी फॉर्म वाचला. खोडलेल्या आकड्यावर बोट थबकलं.

"खोडलंय, पण शेजारी सही आहे. चालतं," म्हणाल्या. मग चष्मा काढून, "बहुतेक लोक दोन ओळी लिहून मोकळे होतात हो." शिक्का मारला. मला त्यांचं नावही माहीत नाही. विचारायचं होतं, मागे रांग होती.

सोमवार, १३ मे

लायसन्स आलं! हातात मावेल एवढं. हिने ते घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि त्याच्यासाठी डबा काढून दिला. लेबल मीच लावावं म्हणाली.

थोरल्यांना फोन केला. "या उद्या," एवढंच. मास्तरीणबाई मात्र फोनवर किंचाळली. भोपळ्याला कळवलं, त्याने सगळ्या जगाला कळवलं असेल. मौनीला चार शब्दांचं पत्र टाकलं: लायसन्स आलं, तुझ्यामुळे आलं. क्लबचा पत्ता खाली लिहिला, उगीचच. उत्तर येणार नाही. नाही आलं तरी चालेल. माणसानं किती मागावं? बावीस दिलेत त्याने.

शुक्रवार, २४ मे

पहिली शिष्या. वय सतरा. मास्तरीणबाईने अर्ज आणून दिला. 'इन्स्ट्रक्टर कोण हवा' या रकान्यात बहुतेक जण रेघ मारतात, इथे माझं नाव लिहिलं होतं. खाली पालकाची सही. मागे रेललेली अक्षरं, शेवटची रेघ वर उडालेली.

अर्जाची घडी खिशात ठेवली आणि विमानाकडे निघालो. तिला डावीकडे बसवलं, पट्टा बघितला, स्टिक दाखवली. मग विचारलं, "समजलं?"

तिने अंगठा वर केला.